बुरुजाखालचा माणूस

(स्मृती व्याख्यानमालेत लोणावळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



कार्ल्याच्या डोंगरावर चैत्रात एकवीरेची यात्रा भरते. मुंबई, ठाणे, रायगडकडचे आगरी-कोळी बांधव पालख्या घेऊन घाट चढून येतात, नवस फेडतात, लेकराबाळांना आईच्या पायावर घालतात. खोऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, भाज्याच्या वर, लोहगड उभा आहे. तिथे फेब्रुवारीत दुसरी यात्रा भरते. तिला यात्रा म्हणायचा प्रघात नाही, पण पाहणाऱ्याला तिचं रूप कळतं. शिवजयंतीच्या आदल्या रात्री गावोगावची पोरं गडावर चढतात. पहाटे मशाल पेटवतात आणि ती घेऊन आपापल्या गावाकडे धावत सुटतात. कित्येकांच्या पायात काही नसतं. मागून टेम्पो, त्यावर भगवा आणि भोंगा. एक दमला की दुसरा ज्योत हातात घेतो, पण ती विझू देत नाहीत. गावाच्या वेशीवर आयाबहिणी ताटात निरांजन घेऊन उभ्या असतात. आधी ज्योतीला ओवाळतात, मग ती आणणाऱ्या पोराला. त्याचे तळवे फुटलेले असतात, पण चेहऱ्यावर जे असतं ते पंढरीहून परतलेल्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावर असतं तेच.

मी हा प्रसंग आदराने सांगतो आहे. त्या पोराची श्रद्धा खरी आहे, आणि आजच्या विषयाकडे जाताना ती खरी मानूनच पुढे जायला हवं. देशप्रेमाला माणसं देवळासारखं का वागवतात, हा प्रश्न जुना आहे. फ्रान्समध्ये रुसोने १७६२ साली ‘सामाजिक करार’ या ग्रंथाच्या शेवटी नागरी धर्माची कल्पना मांडली. राज्य टिकायचं तर नागरिकांना एकत्र बांधणारी काही समान श्रद्धा लागते, असं त्याचं म्हणणं. पुढे १९६७ साली रॉबर्ट बेला या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत असा धर्म प्रत्यक्षात नांदतो आहे असं दाखवलं. त्याला हुतात्मे आहेत, पवित्र स्थळं आहेत, पवित्र ग्रंथ आहेत आणि वर्षाचे ठरलेले सण आहेत. आपल्याला हे समजून घ्यायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. ध्वज, गीत, गड, हुतात्मा, जयंती, पुण्यतिथी, शपथ हे सगळं इथे आहे. महाराष्ट्रात तर हा धर्म कधी आणि कसा आकाराला आला हे तारखेनिशी सांगता येतं.

१८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजीमहाराजांवर पोवाडा लिहिला आणि शेतकऱ्यांचा, कुळवाड्यांचा राजा म्हणून त्यांना लोकांपुढे ठेवलं. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला. १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धाराचा विषय हाती घेतला आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला, त्यात ‘केसरी’त आलेला शिवोत्सवाचा मजकूर पुराव्यात होता. म्हणजे महाराजांचं नाव उत्सवात घेणं हे त्या वेळी सरकारच्या डोळ्यांत सलत होतं. आणि याच लोणावळ्यात १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, ब्रिटिश राजवट असतानाच, नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्राला नाव दिलं गेलं ‘शिवाजी’. आपण आज ज्याला ‘आयएनएस शिवाजी’ म्हणतो ते हे केंद्र. पन्नास वर्षांत खटल्यातलं नाव सरकारी फलकावर गेलं. ज्या श्रद्धेला दडपता येत नाही तिला सत्ता आपल्या दारात बसवते, हे सगळ्या धर्मांच्या इतिहासात घडलं आहे. या धर्माच्या बाबतीतही ते घडलं आणि पुढेही घडत राहील. म्हणून नाव कोण घेतं यावरून फारसं काही ठरत नाही. धर्माची पारख करायची तर तो कोणाकडून काय मागतो हे पाहायला हवं. आपल्या मावळात त्याची दोन टोकं पाहायला मिळतात. एक तळेगावला, दुसरं मुळशीला आणि पवनेला.

तळेगावची गोष्ट आधी सांगतो, कारण ती विसरली गेली आहे.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. ती आपल्याला शाळेत शिकवतात, आणि शिकवावीच. पण त्याच काळात अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ एक वेगळीच मागणी घेऊन गावोगाव फिरत होते. त्यांना विदेशी कापड नको होतं, शपथ नको होती, घोषणा नको होती. प्रत्येक माणसाने देशासाठी एक पैसा द्यावा, एवढीच त्यांची मागणी. त्या काळचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. हमाल देऊ शकेल, मोलकरीण देऊ शकेल, शाळेतला पोर देऊ शकेल इतकाच. मोठ्या देणगीदाराचं नाव दगडावर कोरायची तिथे सोय नव्हती, कारण हमालाचा पैसा आणि सावकाराचा पैसा तिथे सारखाच होता. या पैसा फंडाला टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे पहिले व्यवस्थापक होते.

काचच का, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्या वेळच्या घरात जाऊन पाहा. बाईच्या हातातली बांगडी, कंदिलाची चिमणी, औषधाची बाटली यांतलं पुष्कळसं ऑस्ट्रियाहून, जर्मनीहून, जपानहून येत होतं. सौभाग्याचं लेणं आणि रात्रीचा उजेड दोन्ही परदेशातून. तेव्हा देशाच्या नावाने गोळा झालेला पैसा भट्टीत घालायचा ठरलं.

भट्टीपाशी काय चालतं ते जरा जवळून पाहू. वाळू, सोडा आणि चुना प्रचंड उष्णतेत वितळवून त्याचा मधासारखा रस करतात. कारागीर लांब पोकळ नळीच्या टोकाला त्याचा गोळा उचलतो, नळी सतत फिरवत राहतो आणि फुंकतो. फुंक कमी पडली तर भिंत जाड राहते, जास्त झाली तर फुटते. वस्तू घडली म्हणजे काम संपलं असंही नाही. ती सावकाश निववावी लागते. घाईने थंड केली तर आतला ताण तसाच राहतो आणि आठवड्याने कपाटात ठेवलेली चिमणी आपोआप तडकते. हे सगळं शिकायला महिने लागतात, हात पोळतात, माल वाया जातो. तळेगावच्या कारखान्याने माल काढला त्याहून महत्त्वाचं काम केलं ते माणसं शिकवण्याचं. इथे शिकलेले कारागीर पुढे देशभर वेगवेगळ्या काच कारखान्यांत गेले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल यायचा बंद झाला, तेव्हा देशात काच करू शकणारे हात होते, त्यांतले काही तळेगावच्या भट्टीवर तयार झालेले होते.

मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. इथे देशभक्तीने प्रत्येकाकडून त्याला झेपेल एवढंच मागितलं, आणि जो मागायला आला त्याने आधी स्वतःचं आयुष्य त्यात घातलं होतं. जमलेल्या पैशाचं काय झालं हे कोणालाही तळेगावला जाऊन डोळ्यांनी पाहता येत होतं. कोणी पैसा दिला नाही म्हणून त्याला देशद्रोही म्हटलं गेलं नाही. आपल्याकडे याच्याही आधीचं असं एक उदाहरण आहे, आणि तेही याच खोऱ्यात. कार्ल्याचं चैत्यगृह दोन हजार वर्षांपूर्वी खोदलं, त्यातले खांब वेगवेगळ्या लोकांनी दिलेले आहेत. तिथल्या लेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, आणि धेनुकाकट इथल्या यवनांनी दिलेल्या खांबांची नोंदही आहे. परमुलखातून आलेला माणूसही एक खांब देऊ शकत होता आणि त्याचा खांब इतरांच्या रांगेतच उभा राहत होता.

तळेगावचंच आणखी एक पान आहे. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी त्याच दिवसांत राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढलं, ते पुढे तळेगावी आलं. विजापूरकर ‘विश्ववृत्त’ मासिक चालवत. त्यात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख आला आणि त्यावरून राजद्रोहाचा खटला होऊन विजापूरकरांना तुरुंगवास झाला. १९१० मध्ये सरकारने विद्यालयही बंद पाडलं. म्हणजे प्रार्थनेवरच्या लेखासाठी मासिकाच्या संपादकाला तुरुंग आणि त्यांच्या शाळेला टाळं. त्या सरकारला प्रार्थनेत बंड ऐकू आलं, आणि त्यात त्याची चूक नव्हती. देशभक्तीचा धर्म तेव्हा खरोखरच सत्तेला उलटा प्रश्न विचारत होता. आज ‘नवीन समर्थ विद्यालय’ या नावाने त्या परंपरेची आठवण तळेगावात टिकून आहे. तिथल्या मुलांना विजापूरकर कोण होते हे नीट सांगितलं जावं, एवढी इच्छा इथे बोलून दाखवतो.

आता दुसरं टोक. लोहगडाच्या गणेश दरवाजाविषयी लोहगडवाडीत एक आख्यायिका सांगतात. दरवाजाचा बुरूज टिकेना, तेव्हा एका कुटुंबाचा नरबळी त्याच्या पायात दिला गेला, आणि बदल्यात त्यांच्या वंशजांना वाडीची पाटीलकी मिळाली. इतिहास म्हणून ती खरी असेल वा नसेल, पण अशा गोष्टी पुष्कळ किल्ल्यांबद्दल सांगतात, आणि लोकांनी त्या सांभाळून ठेवल्या याला कारण आहे. मोठी वास्तू उभी राहते तेव्हा तिच्या पायात कोणाला तरी पुरलेलं असतं, हे सामान्य माणसाला माहीत होतं. त्याचं नाव बुरुजावर लिहिलेलं नसतं. पाटीलकी मिळाली तर मिळाली.

आपल्या डोंगराच्या दक्षिणेला मुळशी आहे. लोणावळा परिसरात टाटा कंपनीने वीज निर्माण करायला धरणं बांधली. १९११ मध्ये त्या कामाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. देशी भांडवल, देशी उद्योग, विलायती कोळशाऐवजी सह्याद्रीचं पाणी. स्वदेशीच्या माणसाला यात अभिमान वाटावा असंच सगळं होतं आणि वाटलाही. पुढचं धरण मुळा नदीवर मुळशीला ठरलं. त्यात भाताची उत्तम खाचरं आणि अनेक गावं जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते, आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यात मिळालं. त्यांचं चरित्र आठवा. एडिंबरोला शिकायला गेलेले, पॅरिसमध्ये बॉम्बची कृती मिळवून आणणारे, देशासाठी मरायला तयार असलेले बापट. त्यांच्यासमोर प्रश्न असा आला की स्वदेशी कारखाना देशाचा की स्वदेशी शेतकरी देशाचा. त्यांनी शेतकऱ्याची बाजू घेतली आणि तुरुंगात गेले. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेला तो लढा शेतकरी हरले. धरण झालं, पाणी चढलं. आपण आज मुळशीच्या काठावर सहलीला जातो ते त्या खाचरांवरच्या पाण्याकडे पाहायला.

मुळशीतल्या विरोधाची बाजू मांडताना उद्योगाला नावं ठेवायची मला इच्छा नाही. मुंबईला वीज हवी होती, गिरणी कामगारही शेतकऱ्याचाच मुलगा होता. पण दोन्ही बाजू देशाचं नाव घेत होत्या, आणि एकाच बाजूने जमीन द्यायची होती. ज्याने दिली त्याला विचारलं गेलं नाही. पैसा फंडातला पैसा आणि मुळशीतलं खाचर यांच्यातला फरक तेवढाच. एक दिला होता, दुसरं घेतलं होतं. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, देशासाठी त्याग. त्याग हा शब्द उच्चारताना तो करणारा कोण आणि करायला लावणारा कोण हे सांगितलं नाही, तर त्या शब्दाआड फार मोठा अन्याय लपू शकतो.

यानंतर पन्नास वर्षांनी पवना धरण झालं, आता स्वतंत्र भारतात. पवन मावळातल्या गावांच्या जमिनी गेल्या, पाणी पिंपरी-चिंचवडला गेलं, आणि पुनर्वसनासाठी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या खेटे घालावे लागले. मग धरणातून थेट शहराकडे बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं. तोवर पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जात होतं आणि वाटेवरची गावं ते उपसून शेती करत होती. जलवाहिनीमुळे नदी कोरडी पडेल या भीतीने शेतकरी उठले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मरण पावले, त्यांत एक बाई होती.

तारीख लक्षात घ्या. ९ ऑगस्ट म्हणजे क्रांतिदिन. १९४२ च्या ‘चले जाव’ची आठवण म्हणून त्या दिवशी सकाळी महाराष्ट्रभर झेंडावंदन होतं, हुतात्म्यांना पुष्पहार घातले जातात. त्याच दिवशी दुपारी आपल्या तालुक्यात पाण्यासाठी रस्त्यावर बसलेली माणसं गोळीने मेली. कोणत्या पक्षाने काय केलं यात मी जात नाही, ते तुम्हाला माहीत आहे आणि ज्याने त्याने आपला निवाडा केला आहे. मला वेगळंच टोचतं. इतक्या वर्षांत क्रांतिदिनाच्या भाषणांत मावळातल्या त्या तिघांची आठवण किती ठिकाणी काढली जाते? आपल्या नागरी धर्माच्या पंचांगात ते कुठे बसतात? १९४२ चे हुतात्मे बसतात, कारण ते परक्या सरकारच्या गोळीने पडले. आपल्याच सरकारच्या गोळीने पडलेल्याला जागा द्यायला तो धर्म अजून शिकलेला नाही. ज्या धर्माला स्वतःच्या चुकीचा दिवस पाळता येत नाही त्याच्यात काहीतरी अपुरं आहे, असं मला मनापासून वाटतं.

गोनीदांनी हे आपल्या पद्धतीने ओळखलं होतं. गोपाळ नीळकंठ दांडेकर तळेगावला राहिले, गड पायाखाली घातले, आणि दुर्गांवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा माणूस विरळा. पण त्यांच्या कादंबऱ्यांत गड ही माणसांची जागा आहे. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवरची, ‘पवनाकाठचा धोंडी’ पवनेच्या खोऱ्यातली. धोंडी आणि बुधा यांच्याकडे पाहिलं की गडावरचं प्रेम आणि गडाखालच्या माणसावरचं प्रेम यांत गोनीदांनी फरक केला नाही हे कळतं. ‘पवनाकाठचा धोंडी’तलं ते काठाचं जग आज बरंचसं धरणाच्या पाण्याखाली आहे. तुंग आणि तिकोना मात्र वर दिसतात, आणि शनिवार-रविवारी आपण ते चढायला जातो.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात आपला लोहगड आहे. त्याचा मला आनंद आहे, आणि खोऱ्याच्या नावाचाही अभिमान आहे. आंदर, नाणे आणि पवन, या तीन मावळांनी महाराजांना माणसं दिली. पण ती माणसं किल्ल्याच्या जागतिक मोलासाठी लढली नाहीत. गवताच्या काडीला, भाजीच्या देठाला हात लावू नका, असा हुकूम लष्कराला देणाऱ्या राजासाठी लढली. तो राजा त्यांच्या शेताची राखण करत होता म्हणून त्याचा किल्ला त्यांनी स्वतःचा मानला. फुल्यांनी कुळवाड्यांचा राजा म्हटलं ते यासाठीच.

आता थोडं सक्तीविषयी, कारण कोणत्याही धर्मात हा प्रश्न येतोच. जपानमध्ये १८९० साली सम्राटाने शिक्षणाविषयी आज्ञापत्र काढलं. पुढच्याच वर्षी टोकियोच्या एका मोठ्या शाळेत त्या पत्रापुढे सगळ्यांनी वाकून नमन करायचं होतं. उचिमुरा कान्झो हा शिक्षक पुरेसं वाकायला कचरला, म्हणून त्याची नोकरी गेली आणि देशद्रोही म्हणून बदनामी झाली. हाच माणूस जपानवर जिवापाड प्रेम करणारा होता. आपल्याकडे १९८६ मध्ये केरळमधल्या तीन मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ती मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलं होतं. न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, गायची सक्ती नाही. आपली राज्यघटना किती समंजस आहे हे पाहायचं तर हा निकाल वाचावा. देशाला गरज असते ती मनापासून उभ्या राहणाऱ्याची. भीतीने उभा राहिलेला माणूस देशाच्या मोजणीत भर घालतो, बळात नाही.

आणि बाबासाहेबांचा इशारा इथे आठवायलाच हवा, मावळात तर जास्तच, कारण तळेगावला त्यांचा बंगला आहे, आणि इथून जवळच देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात व्यक्तिभक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ज्या माणसाने देशाला संविधान दिलं, त्याने त्या संविधानाचाही देव करू नका म्हणून सावध केलं, असं मी या भाषणाकडे पाहतो. आपण त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो, आणि हा इशारा मात्र क्वचित वाचून दाखवतो.

शत्रूविषयीही एक गोष्ट वडगावनं सांगून ठेवली आहे. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. पुढे वडगावला इंग्रजांना मराठ्यांपुढे शरणागती पत्करून तह करावा लागला, त्यात महादजी शिंद्यांचा वाटा मोठा होता. त्या विजयाचा अभिमान आपण बाळगतोच. पण मराठ्यांनी त्या स्ट्युअर्टला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. फाकडा म्हणजे मर्द, देखणा, निधड्या छातीचा. आपल्यावर चालून आलेल्या माणसाला, तो मेल्यावर, जे लोक असा किताब देतात त्यांच्या देशप्रेमाला द्वेषाचं इंधन लागत नव्हतं. त्या लढाईतली आपली माणसं आजच्यापेक्षा कमी देशभक्त होती असं कोणी म्हणू शकणार नाही.

आता मागणीकडे येतो, कारण नुसतं बोलून उठायला मी आलो नाही.

आपल्या नागरी धर्मात एक विधी असा आहे की ज्यात भक्त प्रश्न विचारू शकतो. तो म्हणजे ग्रामसभा. वर्षानुवर्षं आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना जोडून ग्रामसभा होत आल्या आहेत. ज्यांनी हे दिवस ठरवले त्यांनी फार विचार केला होता असं मला वाटतं. सकाळी झेंडा आणि दुपारी हिशेब. मुख्य सभेआधी महिलांची सभा. घरकुल कोणाला, पाणी कोणाला, गायरानाचं काय झालं, हे विचारायचा हक्क गावातल्या प्रत्येक मतदाराला. पण होतं काय? झेंडावंदन झालं की लाडू-जिलेबी वाटून माणसं घरी जातात. सभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. कित्येक गावांत तेवढीही माणसं बसत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, आणि मोजक्या लोकांत ठराव होतात. शिवज्योत आणायला रात्रभर जागणारी शंभर पोरं ज्या गावात आहेत, त्या गावात ग्रामसभेला शंभर माणसं मिळू नयेत, हे पाहून मला फार वाईट वाटतं. पोरांचा दोष नाही. आपण त्यांना मशाल दिली, विषयपत्रिका कधी दिली नाही.

लोणावळ्यात नगरपरिषद आहे, ग्रामसभा नाही. पण इथे मावळच्या गावांतून आलेले पुष्कळजण बसले आहेत. त्यांच्यापुढे माझा एक विषय ठेवतो. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक नोंद घ्या. आपल्या गावाच्या शिवारातून गेल्या शंभर वर्षांत धरण, रस्ता, रेल्वे, कारखाना, लष्कर यांपैकी कशासाठी किती जमीन गेली, कोणाची गेली, आणि कोणाला काय मिळालं. तलाठी कार्यालयातले फेरफार काढा, म्हाताऱ्यांना विचारा, नावं लिहा. ज्यांची जमीन गेली ती सगळी नावं, जातपात न पाहता, गेलेल्या गुंठ्यांसह. मग ती यादी सभेत उभं राहून वाचा, जसं आपण हुतात्म्यांची नावं वाचतो. पिंपरी-चिंचवडहून जे श्रोते आले आहेत त्यांनी पवन मावळातल्या एखाद्या गावच्या त्या सभेला यावं. आपल्या नळाला येणारं पाणी कोणाच्या शेतावरून येतं ते त्यांना तिथे ऐकायला मिळेल.

ज्या गावांनी अशी यादी केली, त्या गावांची नावं पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून वाचून दाखवावीत, आणि ती यादी या मालेच्या पुस्तिकेत छापावी, अशी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. छपाईचा खर्च गावागावांतून प्रत्येकी एक रुपया गोळा करून भागवता येईल. त्याची पावती मात्र प्रत्येकाला द्यावी.